अक्कल नसलेल्यांचेच पैसे जातात? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. नावाच्या जागी तुम्ही 'एक वाचक' एवढंच लिहिलंय, म्हणून तसंच समजून बोलतो.

सायबर गुन्ह्यांचा तपास आपल्यासारख्या देशांत का रखडतो, या माझ्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. लेखात इंग्रजी संज्ञा फार आहेत, हे मान्य. पण एका वाक्याशी अडलो : 'ज्यांना अक्कल नाही त्यांचे पैसे जाणारच, पोलीस काय करणार?' मतभेद असू द्या, पण लुबाडल्या गेलेल्यांबद्दल ही भाषा? त्यांच्यासमोर बसून असं बोलाल?

माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या काउंटरवर गेली. तुम्ही ज्यांची अक्कल काढता, ती माणसं मी जवळून पाहिली आहेत. आमच्या एक जुन्या खातेदार, निवृत्त मुख्याध्यापिका. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत' असं सांगून खाकी गणवेशातल्या एकाने त्यांना व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवलं आणि मुदतठेव मोडायला लावली. जन्मभर कायदा पाळलेली बाई कायद्याच्या नावानेच घाबरली. तक्रार द्यायला मी त्यांच्यासोबत गेलो. एका ठाण्याने दुसऱ्या ठाण्याकडे पाठवलं. तोवर रक्कम कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यातून पुढे पांगली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे हा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. तालुक्याच्या ठाण्यात असे अधिकारी किती असतात, आणि बंदोबस्तातून त्यांना सवड किती मिळते, हे जाऊन बघा एकदा.

आणि अकलेचंच म्हणाल, तर ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, तेव्हा कुठल्या खातेदाराने ओटीपी सांगितला होता? चोर बँकेच्या यंत्रणेत घुसले, बनावट कार्डांना परस्पर मंजुरी मिळत गेली आणि २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा केली, ती इथल्या हस्तकांना. परदेशातल्या सूत्रधारापर्यंत पोचायचं तर एकेका देशाकडे रीतसर मदत मागत बसावं लागतं.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं तर लेखात सविस्तर लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलंच नाही, असं दिसतंय. फेब्रुवारी २०१६. गुरुवारी रात्री, त्या बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून पैसे पाठवण्याचे बनावट आदेश चोरांनी सोडले. शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, मग न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले आणि बरेचसे कॅसिनोंत विरले, कारण तिथला पैशांच्या अफरातफरीविरुद्धचा कायदा तेव्हा कॅसिनोंना लागूच नव्हता. आता सांगा, अक्कल कुणाची काढायची? ढाक्याच्या कारकुनाची?

१९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या फोन क्रमांकाबद्दल तुम्ही लिहिलंय, ते लेखात आहेच. ताबडतोब फोन केला तर रक्कम गोठवता येते, आणि त्यासाठी माणसाने लाज न बाळगता लगेच बोलायला हवं. तुमच्यासारख्यांची 'अक्कल नाही' ही शेरेबाजी ऐकून लोक दोन दिवस घरातही सांगत नाहीत. त्या बाईंनी मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं. म्हणून एवढं लिहिलं, नाहीतर निनावी प्रतिक्रियांना मी उत्तरं देत नाही.

बँकांच्या जबाबदारीचे तुमचे बाकीचे मुद्दे पुढच्या भागात येणारच आहेत. इथे त्यात शिरत नाही. तेव्हा लिहाल तर नावानिशी लिहा.