दाराशी बँड, मागे बादली

बार कळकट असण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट टेबल लख्ख पुसलेलं दिसलं की मला बिलाची धास्ती वाटते. खरा त्रास सुरू होतो तो कोपऱ्यात कोणी गिटारच्या खुंट्या पिळायला लागलं की. मी पडलो भीडस्त. कोणी समोर गात असताना उठून जाणं मला जमत नाही. आणि अमेरिकेतली नॅशव्हिल आणि ऑस्टिन ही दोन शहरं माझ्यासारख्यांसाठी सापळा लावूनच बसली आहेत.

नॅशव्हिलचा सापळा उघड आहे. लोअर ब्रॉडवे या रस्त्यावरच्या बऱ्याच जुन्या हॉन्की-टॉंकमध्ये, म्हणजे कंट्री संगीत वाजणाऱ्या बारमध्ये, स्टेज दाराशेजारच्या खिडकीला चिकटलेलं असतं. रस्त्यावरून बँडची पाठ दिसते आणि आतल्यांना बाहेर पडायचं तर बँडच्या नाकासमोरून. आत शिरायला सहसा पैसे पडत नाहीत, पण वादकांची भिस्त टिपांवर, म्हणून थोड्या वेळाने बादली फिरते. पाच डॉलरची नोट चारचौघांत टाकायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही, म्हणून वीसची जाते. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती बादलीचीही मावशी आहे. दुसऱ्या फेरीआधी निसटावं म्हटलं, तर गायकाने माइकवरूनच विचारलं, "कुठून आलात?"

"इंडिया."

"इंडियाना!" तो गरजला. शेजारचं अख्खं टेबल निघालं त्याच राज्यातलं. त्यांनी मला मिठ्या मारल्या, बिअर पाजली, आणि मीही मग खुलासा करत बसलो नाही.

याच शहरात १९८२ पासून ब्लूबर्ड कॅफे आहे. तो काही गुत्ता नव्हे, पण सांगायलाच हवं. गीतकार खोलीच्या मधोमध गोल करून बसतात आणि आपापली गाणी म्हणतात. जेमतेम नव्वद खुर्च्या, आणि नियम असा की गाणं चालू असताना तोंडातून ब्र काढायचा नाही. माझ्या ग्लासातला बर्फ जरा हलला की खळ्ळ वाजायचा आणि पुढची बाई मान वळवायची. शेवटी तो वितळेपर्यंत मी ग्लासाला हात लावला नाही. गाणी उत्तम होती, असं सोबतचे सांगतात.

ऑस्टिनने १९९१ मध्ये 'लाइव्ह म्युझिकची जागतिक राजधानी' असं बिरुद अधिकृतपणे लावून घेतलं. इथे पैशांपेक्षा पायांची मागणी जास्त. ब्रोकन स्पोक हा १९६४ चा डान्स हॉल. छत इतकं ठेंगणं की उंच माणसाने टोपी सांभाळावी. जोडपी टू-स्टेप करत घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरत असतात. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो, तर सत्तरीच्या एका आजींनी हात धरला. 'मला येत नाही' हा त्यांना माझा विनय वाटला. मग मी चौकात अडकलेल्या रिक्षासारखा गोल गोल फिरत राहिलो. बाहेर पडायला फट मिळेना.

मनाला शांती मिळाली ती तिथल्याच लिटल लाँगहॉर्न सलूनमध्ये. चिमुकला बार, कंट्री बँड, आणि रविवारी आकडे लिहिलेल्या फळीवर एक कोंबडी सोडतात. ती ज्या आकड्यावर शिटेल, त्या तिकिटाला बक्षीस. बँड झकास वाजवत होता, पण सगळ्यांचे डोळे कोंबडीच्या मागच्या बाजूला. माझ्याकडे कोणी बघेना, गायकसुद्धा! एवढ्या निर्धास्तपणे मैफलीतून उठायची संधी पुन्हा कुठली? उठलोही होतो. पण कोंबडी २७ वर घुटमळत होती आणि माझं तिकीट २८ चं.