केवडा ही बुरशी नव्हे, आणि प्रोटिस्टा ही सृष्टी नव्हे

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स म्हणून एक मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं : सजीवांच्या सृष्टी, म्हणजे सर्वांत मोठे गट, पाच. त्यांतली प्रोटिस्टा म्हणजे सूक्ष्म, एकपेशीय, सर्वांत साधे जीव. युग्लीना हा वनस्पती आणि प्राणी यांच्यामधला दुवा. अमीबा ही उत्क्रांतीची पहिली पायरी. पिकांवरचा केवडा हा रोग (डाऊनी मिल्ड्यू) मात्र कवकांच्या, म्हणजे बुरशीच्या खात्यात. मुलं हे घोकतात, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

पाच सृष्टी अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये मांडल्या. कवकांना वनस्पतींमधून बाहेर काढून स्वतंत्र सृष्टी देणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. परीक्षेत प्रश्न आला तर पाचच लिहा, गुण मिळतील. पण प्रोटिस्टा हा शब्द त्याहून जुना, जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांचा, १८६६ चा. पेशीत केंद्रक आहे, पण प्राणी नाही, वनस्पती नाही, कवकही नाही, असं जे जे उरलं ते त्यात गेलं. गावातली तीन घरं सोडून बाकी सगळ्या गावाला एकच आडनाव लावावं आणि त्या तीन घरांची सख्खी भावकीही त्यातच ढकलावी, तसं हे झालं. कोएनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव प्राण्यांचे सर्वांत जवळचे भाऊबंद आहेत. अमीबापेक्षा ते आपल्याला जवळचे, तरी नोट्समध्ये ते अमीबाच्या रांगेत.

‘सूक्ष्म आणि एकपेशीय’ म्हणणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी मालवणच्या खडकांवर जावं. तिथे सरगॅसम हे तपकिरी शैवाल हातात धरून बघता येतं : पानांसारखे पट्टे, मधूनमधून मण्यांसारखे हवेचे फुगे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं केल्प हे शैवाल याच गटातलं, ४० मीटरहून लांब वाढतं. दोन्ही बहुपेशीय, आणि दोन्हींचं वनस्पतींशी थेट नातं नाही. त्यांची भावकी म्हणजे काचेच्या कवचात राहणारे डायटम आणि आपला केवडा. २००७ पासून ही मंडळी ‘सार’ नावाच्या महागटात धरली जातात. मलेरियाचा परजीवी आणि पॅरामेशियमही त्याच महागटात येतात.

‘सर्वांत साधे’ हे तर साफ चूक. समुद्रातल्या वार्नोविड गटातल्या जिवांना डोळा असतो, आणि तो एकाच पेशीच्या आत. पुढे भिंग, त्यावर तंतुकणिकांचा बुबुळाच्या पारदर्शक पडद्यासारखा थर, मागे हरितलवकापासून घडलेला दृष्टिपटलासारखा भाग. आपल्या डोळ्याला कोट्यवधी पेशी लागतात.

युग्लीना दुवा नाही. तिच्या पूर्वजांनी एक हिरवं शैवाल गिळलं आणि पचवायच्या ऐवजी ठेवून घेतलं. त्याची खूण अजून दिसते : वनस्पतींच्या हरितलवकाला दोन पटलं असतात, युग्लीनाच्या हरितलवकाला तीन. तिची खरी भावकी काळा आजार करणाऱ्या लिशमानियाशी आहे.

अमीबा पहिली पायरी कशी असेल? आजच्या अमीबामागेही आपल्याइतकीच वर्षं उलटली आहेत. शिवाय ‘अमीबा’ हे एक घराणं नाही, ती चालायची एक तऱ्हा आहे. आमांश करणारा एंटामीबा आणि केरळच्या बातम्यांतला मेंदूज्वराचा नेग्लेरिया, दोघेही छद्मपादांवर सरकतात. पण नात्याने एंटामीबा नेग्लेरियापेक्षा आपल्याला जवळचा आहे.

आता केवडा. इथे चूक झाली तर नुकसान नुसत्या गुणांचं होत नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की पानावर तेल सांडल्यासारखे पिवळसर डाग पडतात. पान उलटं करा, त्याच डागाखाली पांढरी लव दिसते. दिसायला बुरशीच. पण ओल्या पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात याचे बीजाणू दोन कशाभिका (चाबकासारखे धागे) हलवत पोहतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका मुख्यतः कायटिनवर उभी असते, याच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं. १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा नासवून सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेणारा करपाही याच घराण्यातला.

त्याच बागेतली भुरी मात्र खरी बुरशी आहे. भुरीसाठी मारतात ती हेक्झाकोनॅझोलसारखी ट्रायझोल गटातली औषधं बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं इर्गोस्टेरॉल हे द्रव्य बनणं थांबवतात. केवडा ते बनवतच नाही, त्यामुळे त्या फवारणीने त्याचं काही बिघडत नाही. मेटॅलॅक्झिल या औषधाचं नेमकं उलट : ते केवड्याच्या घराण्यावर चालतं, भुरीवर चालत नाही.