टर्मिनल, मावशीचा लॅपटॉप आणि तुमचं 'बेसिक'

अनामिक साहेब, नमस्कार.

मावशीच्या लॅपटॉपवर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) न उघडता मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं एक लिनक्स, टाकल्याचं मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की "टर्मिनलला हात न लावता लिनक्स चालतं ही थाप आहे. कोडेक नसेल तर व्हिडिओ लागतच नाही, अडकतो तो डिकोडिंगचा भार प्रोसेसरवर पडतो म्हणून. आधी बेसिक शिका, मग लोकांना शिकवा." (कोडेक म्हणजे गाण्याची किंवा व्हिडिओची फाइल उलगडून, म्हणजे डिकोड करून, देणारं सॉफ्टवेअर.)

एक चूक मान्य. इन्स्टॉल करताना 'मल्टिमीडिया कोडेक्स'च्या चौकोनात टिक करा म्हटलं, पण तेव्हा नेट जोडलेलं हवं हे लिहायचं राहिलं. दुरुस्त केलंय.

आता ते 'बेसिक'. अहो, 2007 साली उबुंटूची (तेही एक लिनक्सच) फुकटची सीडी पोस्टाने मागवलेला माणूस आहे मी. सिडकोतल्या घरी पोस्टमनने पाकीट आणलं तर आईला वाटलं कसली नोटीस आली. तेव्हा साधं एमपीथ्री वाजायचं नाही, कोडेक वेगळं टाकावं लागायचं, घरी नेट नाही, मग कॉलेज रोडच्या कॅफेत बसून डेब फाइली (सॉफ्टवेअर टाकायच्या फाइली) पेनड्राइव्हवर घ्यायच्या, सायकल मारत घरी यायचं आणि तिथे कळायचं की एक डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारी दुसरी फाइल, राहिलीच, की परत सायकल. तीन चकरा झाल्या आणि रात्री एकदाचं गाणं वाजलं. हे सगळं टर्मिनलमध्येच केलंय, त्यामुळे मला ते कोणी नव्याने दाखवायची गरज नाही.

आणि मी लिहितो ते तुमच्यासाठी नाहीच मुळी. मावशी इंदिरानगरला राहते, लॅपटॉप 2013 चा, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 त्या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही, मग काय, भंगारात द्यायचा? मिंट टाकलं, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हीएलसी प्लेअर घेतला, भाच्याच्या लग्नाचा मोबाइलवरचा व्हिडिओ लागला. हळदीचा भाग तिने चारदा बघितला. टर्मिनल कुठे आलं यात? मी एकदा उघडलं होतं, व्हीएइन्फो ही कमांड चालवून हार्डवेअर कुठले व्हिडिओ डिकोड करतं ते बघायला, पण ती माझी हौस. मावशी तेव्हा चहा टाकत होती, तिला पत्ताही नाही.

असं असताना कोणी 'थाप' म्हणतं तेव्हा राग येतोच. समोर बसून असं बोलला असतात का? आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला चूक दाखवायची तरी "अहो, जरा बघा बरं" म्हणतात.

बाकी तुम्ही लिहिलंय की यूट्यूब व्हीपी-नाइन या प्रकारातला व्हिडिओ पाठवतं, तिसऱ्या पिढीच्या इंटेलला तो ग्राफिक्सच्या हार्डवेअरवर डिकोड करता येत नाही, म्हणून त्याऐवजी एच.264 हा जुना प्रकार मागून घेणारं ब्राउझरचं एक्स्टेंशन टाका. असेल, बघू कधीतरी.

मावशीचं काही अडलेलं नाही. यूट्यूब 1080 वर लावलं की फॅन घोंघावतो आणि चित्र थोडं थांबत थांबत जातं, एवढंच, त्यावर मी तिला 480 वर ठेवायला सांगितलंय. आत्ता तिच्याकडेच बसून हे टाइप करतोय, आतल्या खोलीतून पुन्हा फॅनचा आवाज यायला लागलाय, कीर्तन लावलं असणार. बघून येतो.