वय, जागा आणि कागदपत्रे : शिरपूरच्या एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार नाना,

पस्तिशीच्या आसपास नोकरी-व्यवसाय सोडून एमबीबीएसला जाऊ पाहणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या लेखावर आपण परखड प्रतिक्रिया पाठवली, ती मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की संसाराला लागलेल्या माणसांना मी खोटी आशा दाखवतो. असा माणूस सरकारी महाविद्यालयात शिरला की धुळ्यात खोली करून राहणाऱ्या आपल्या मुलासारख्या एखाद्याची जागा जाते. आणि ज्याच्या शिक्षणावर शासन एवढा खर्च करते, तो पुढे सेवा तरी किती वर्षे देणार. आपण हे मुलाच्या काळजीपोटी लिहिले आहे, त्यामुळे एकाही मुद्द्याला बगल न देता उत्तर देतो.

आधी जागेचे. नीट या देशभरच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत ७२० पैकी किती गुण पडले आणि त्यावरून कोणता गुणानुक्रमांक लागला, त्यावर जागा ठरते. तो क्रमांक अठरा वर्षांच्या मुलाचा आहे की अडतीस वर्षांच्या बाईचा, हे यादी पाहत नाही. वयाला वरची मर्यादा घालण्याचा प्रयत्न होऊन गेला आहे. खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षांची अट आली, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलूनही धरली, पण त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या वयाच्या उमेदवारांना पुढच्या परीक्षेला तात्पुरती मुभा दिली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही मर्यादाच काढून टाकली. आता अट एवढीच, की प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. तेव्हा मोठ्या वयाचा उमेदवार आपल्या मुलाच्या पुढे जाईल तो केवळ गुणांवर, आणि गुणांवर पुढे गेलेल्या कोणालाही आपण जागा हिरावणारा म्हणत नाही. शिवाय आज दुकान किंवा नोकरी सांभाळून पहाटे अभ्यास करणाऱ्याच्या तुलनेत, दिवसभर अभ्यासिकेत बसू शकणाऱ्या मुलाची बाजू बळकट असते, हेही आपण लक्षात घ्यावे.

खोट्या आशेचा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण अशी आशा खरोखर पसरते आहे. मात्र तिचा उगम निराळा आहे. अनेकजण इंटरनेटवर अमेरिकेतला सल्ला वाचून माझ्याकडे येतात. तिकडे पदवीनंतर वैद्यकीय शिक्षण सुरू होते, प्रवेश परीक्षेच्या जोडीला स्वतःविषयीचा निबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखत असते, आणि आधीच्या आयुष्यातला अनुभव तेथे विचारात घेतला जातो. आपल्याकडे परीक्षा सोडली तर यातले काहीही नाही. दहा वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली असली, तरी त्या दाखल्याला एमबीबीएसच्या प्रवेशात शून्य गुण आहेत. ही गोष्ट मी पहिल्याच भेटीत सांगतो, आणि ती ऐकून काहीजण तेथेच थांबतात. थांबणे हाही समजून घेतलेला निर्णय असतो, त्यात मला काही गैर वाटत नाही.

जे थांबत नाहीत, त्यांना मी पुस्तकांच्या आधी कागदपत्रांची फाइल उघडायला लावतो. चोपड्याकडच्या, मेडिकल दुकान चालवणाऱ्या एका ताईंची फाइल सांगतो, म्हणजे मी कसला सल्ला देतो हे आपल्याला कळेल. बारावीला त्यांचा गणित गट होता, जीवशास्त्र नव्हते. पूर्वी येथेच दार बंद झाले असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून केलेले जीवशास्त्रही ग्राह्य धरले, म्हणून त्यांना मार्ग उरला. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर माहेरचे नाव, आधार कार्डावर आणि फार्मासिस्टच्या नोंदणीवर सासरचे. नीटच्या अर्जात हा घोळ राहिला तर तो कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर बाहेर येतो, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचे राजपत्र आधी. जातीचा दाखला वडिलांकडून लागतो, आणि जात वैधतेसाठी, म्हणजे तो दाखला खरा असल्याच्या पडताळणीसाठी, आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधावा लागला. तो गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या जुन्या रजिस्टरमध्ये, मोडी वळणाच्या अक्षरात, अखेर सापडला. अधिवास प्रमाणपत्र त्यांच्याजवळ होते, आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच असल्यामुळे राज्यातल्या उमेदवारांसाठी असलेल्या ८५ टक्के कोट्याबाबत अडचण उरली नाही. एवढे झाल्यावर मी त्यांना एनसीईआरटीची, म्हणजे केंद्रीय संस्थेची, अकरावी-बारावीची पुस्तके घ्यायला सांगितली, कारण त्यांनी राज्य मंडळाची पुस्तके वाचली होती आणि नीटची तयारी एनसीईआरटीशिवाय होत नाही. ज्या सल्ल्याची सुरुवात तहसील कार्यालयाच्या रांगेपासून होते, त्याला स्वप्नरंजन म्हणणे मला पटत नाही.

वर्षांचा हिशेबही मी समोर बसून करतो. आज ३६ वय असेल आणि तयारीला दोन वर्षे लागली, तर प्रवेश ३८ व्या वर्षी. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) धरून ४४ व्या वर्षाच्या आसपास पदवी, आणि सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास एक वर्षाची बंधनकारक सेवा. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर आणखी तीन वर्षे. या काळात थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते, म्हणजे दुकान किंवा नोकरी चालू ठेवता येत नाही. पहिल्या वर्षाला चारच प्रयत्न आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांच्या आत. घरात दुसरी कमाई नसेल आणि सरकारी जागेइतके गुण पडण्याची शक्यता दिसत नसेल, तर खासगी महाविद्यालयाच्या शुल्कासाठी शेत विकू नका, असे मी स्पष्ट शब्दांत सांगतो. येथे आपले आणि माझे मत एकच आहे.

सेवेच्या वर्षांबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. ४५ व्या वर्षी स्वतंत्रपणे काम सुरू करणाऱ्याकडे वीस वर्षे असतात, आणि आपल्या भागात ही वीस वर्षे कोठे जातात हे मोजले पाहिजे. धुळ्याला आधीपासूनच, जळगावला २०१८ पासून आणि नंदुरबारला २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरीही नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णाला डॉक्टरपर्यंत आणणे आजही अवघड आहे. अठराव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या मुलाला आपण कधी विचारत नाही, की तू पुण्या-मुंबईला जाऊन परत येशील का. मग हा प्रश्न फक्त चाळिशीच्या माणसालाच का? ज्या ताईंविषयी वर लिहिले, त्यांचे घर, सासर, मुलांची शाळा सगळे येथेच आहे. ‘छातीमा दुखी ऱ्हायनं’ असे कोणी काउंटरवर येऊन म्हणाले, तर पुढचे प्रश्न अहिराणीतूनच विचारायचे हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्या डॉक्टर होतीलच, असे मी म्हणत नाही. पण त्यांनी प्रयत्नच करू नये, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला मनापासून वाटते.

आपला मुलगा येत्या मे महिन्यात परीक्षेला बसतो आहे, असे आपण लिहिले आहे. त्याची जात वैधता अजून झाली नसेल, तर निकालाची वाट पाहू नका. पडताळणी समितीकडे प्रकरण महिनोन्महिने राहू शकते आणि नीटचा अर्ज साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये भरावा लागतो. आपल्या वडिलांच्या शाळेचा उतारा आणि नॉन-क्रिमीलेअरसाठी लागणारे उत्पन्नाचे दाखले या महिन्यातच काढून ठेवा. एखादा कागद अडला तर मला अवश्य कळवा, मी सोबत येईन.

आपला नम्र.