सहा आठवड्यांत मलावी सुधारा

आग्नेय आफ्रिकेतल्या मलावीत मुलांना शिकवायला जायचं, तर सामानाची यादी करताना सगळ्यात आधी तूरडाळ लिहा. पाच किलो तरी हवीच. वजन जास्त भरलं तर पुस्तकं काढून टाका, पण डाळ काढू नका. आफ्रिकेतल्या माणसाला वरण कुठून माहीत असणार? सोबत कुकर आणि आईच्या हातचा गोडा मसाला. तो बॅगेत सांडला तर कपड्यांना लागेल, म्हणजे मलावीला आपल्या संस्कृतीचा वास आपोआपच मिळेल.

कपडे मात्र सुती आणि पातळ घ्या. आफ्रिका म्हणजे ऊन, असं आपल्याला भूगोलाच्या तासाला शिकवलेलं आहे. दक्षिण मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात जून-जुलैत थंडी असते, मोझांबिकच्या बाजूने चिपेरोनी नावाचा गार वारा येतो आणि त्यात भुरभुर पाऊस पडत राहतो, असल्या गोष्टी आधी वाचत बसू नका. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतःच्या घरातलं ब्लँकेट आणून देतील, ते घ्या. मदत करायला गेलेल्या माणसाच्या पदरात पडलेली ही पहिली मदत.

वर्गात गेल्यावर डोकी मोजू नका. मी मोजायला घेतली होती. एकशे दहापर्यंत आलो आणि तेवढ्यात दारातली पोरं जागा बदलून बसली. १९९४ साली तिथे प्राथमिक शाळेची फी माफ झाली आणि पटावरची मुलं सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. खोल्या आणि मास्तर काही त्या वेगाने वाढले नाहीत. हे आधी कळलं, तर प्रत्येक मुलाकडे व्यक्तिशः लक्ष देण्याचा तुमचा सुंदर आराखडा विमानातच फाडावा लागेल. म्हणून ते न कळलेलंच बरं.

अपूर्णांक शिकवायला लॅपटॉपवर रंगीत चित्रं घेऊन जा. वीज गेलेली असेल. भारनियमनात दहावी काढलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं, पण परदेशात पाऊल टाकलं की आपण जन्मापासून इन्व्हर्टरवाले होतो. वर्गाच्या बाई मग काही न बोलता एक जुनी थैली उघडतील. बाटल्यांची बुचं, मक्याचे दाणे, बारीक खडे. आसपास मिळेल त्यातून शिकवायचं, याला तिथे ‘टालुलार’ म्हणतात आणि शिक्षकांना त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं. बुचांचे चार ढीग होतील, त्यातला एक उचलला जाईल, आणि मागच्या रांगेपर्यंत पाव भाग पोचेल. तुम्ही फोटो काढा. खाली लिहा: आमचा एक छोटासा प्रयोग.

इंग्रजीही शिकवाच. मुलं तुमच्यामागून प्रत्येक वाक्य एका सुरात म्हणतील, अगदी ‘खिडकी बंद करा’ सांगितलंत तरी तेही म्हणतील. तुम्ही बाहेर पडलात की बाई तोच धडा चिचेवातून, म्हणजे तिथल्या भाषेतून, पुन्हा घेतील. तो मुलांना समजेल. आपल्या वहीत नोंद करा: मुलांची झपाट्याने प्रगती.

एक धोक्याची सूचना. ‘मझुंगू, मझुंगू’ करत पोरं मागे धावतील अशा आशेवर जाऊ नका. मझुंगू म्हणजे गोरा. तुम्ही म्वेन्ये, म्हणजे हिंदुस्थानी. आणि हिंदुस्थानी म्हणजे दुकानदार, कारण ब्लांटायर-लिंबे शहराकडे कित्येक पिढ्या दुकानं चालवणारी मंडळी बहुतेक गुजराती. बाजारात कुणीही आधी आदराने विचारील, सकाळी कसे उठलात? (चिचेवातही मोठ्यांना अहोजाहोच करतात, त्यामुळे बरं वाटतं.) मग विचारील, दुकान कुठलं तुमचं? मी शिकवायला आलोय म्हणालात, तर तो हसून चिटेंजेच्या कापडाचा भाव विचारील. भाव आपल्याला ठाऊक नसतो. तिथे आपली पत जाते ती या कारणाने.

जेवणाचं फार नाही. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि न्दिवो म्हणजे तोंडीलावणं. हातानेच खायचं. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे आपलं वडापच. पण परत आल्यावर दोन्ही गोष्टी साहस म्हणून सांगा.

शेवटच्या आठवड्यात एखाद्या विद्यार्थ्याचे वडील घरी बोलावतील. शक्यतो टाळा. मी गेलो. घरामागे डोक्याएवढी उंच झाडं उभी होती आणि शेंगा सुकत आल्या होत्या. याला आम्ही नान्डोलो म्हणतो, ते म्हणाले. मी शेंग सोलली. तूर होती.

पुढची माहिती त्यांनीच दिली. दक्षिण मलावीत हे पीक घरोघरी आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपण. २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि तिकडे भाव कोसळला. आपल्याकडे त्या हंगामात तूर उदंड पिकलेली, लातूरकडचा शेतकरी खरेदी केंद्रावर पोती घेऊन ताटकळत होता, ही दुसरी बाजू मी हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला. २०२१ मध्ये वर्षाला ५० हजार टन घेण्याचा करार झाला, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. त्यांचा प्रश्न साधा होता: यंदा तुमचे लोक काय भावाने घेणार?

असा प्रश्न आला की मी फक्त गणित शिकवतो, असं सांगायचं. निघताना, उरलेली दोन किलो डाळ भेट म्हणून त्यांच्या हातात ठेवायची. ते पिशवी उलटीसुलटी करतील, आतली डाळ ओळखतील आणि छापील किमतीवर बोट ठेवून विचारतील, हे आमच्या क्वाचांत किती?

करून द्या हिशेब. गणिताचे मास्तर ना तुम्ही.