अळीचा पाहुणचार

कोरेगावच्या बाजूला आमच्या वावरात पाच गुंठे मेथी-पालक आहे. बांधावर मी हौसेनं ‘विषमुक्त भाजी’ अशी पाटी लावली. ती सगळ्यात आधी अळ्यांनी वाचली.

पालकाचं पान उलटं करून बघावं, तर खाली भुरकट लव चिकटलेली. ती लव म्हणजे अंड्यांचा पुंजका. पतंगाची मादी अंडी घालून वर स्वतःच्या अंगावरचे केस पसरते. पिल्लं बाहेर पडली की हिरवं तेवढं खरवडून खातात, पानाची नुसती जाळी उरते. असली पानं खुडून साबणाच्या पाण्यात बुडवली की निम्मं काम होतं. पण फुकटच्या उपायाला आमच्या गावात मान नाही. इथं प्रत्येकाचा आपापला अर्क!

निंबोळी अर्क त्यातल्या त्यात सभ्य. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारायची. (फडकं कुणाचं, यावरून घरात जे झालं ते जाऊ द्या.)

अग्निअस्त्राची गोष्ट वेगळी. गोमूत्रात तंबाखू, हिरवी मिरची, लसूण आणि कडुलिंबाचा पाला घालून चार उकळ्या आणायच्या. दुसऱ्याच उकळीला आजी पदर नाकाला लावून अंगणात. "आरं, अळी मारायची हाय का आमाला?" चुलत्यांनी मात्र तंबाखू वाया जायला नको म्हणून थोडी बाजूला काढून मळली. वर ही अळी तंबाखूच्या पिकावरची नामांकित कीड. तिला हे माहेरचं जेवण वाटलं असणार.

मग बीटी, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूचं औषध, आणलं. हा जिवाणू अळीच्या पोटात जावा लागतो आणि उन्हात टिकत नाही, म्हणून फवारणी पुन्हा संध्याकाळीच. अळी खाणं लगेच सोडते, पण मरायला दोन-तीन दिवस घेते. तेवढे दिवस मी तिच्याकडं बघत बसायचं आणि बायकोनं माझ्याकडं.

आजीला एवढा धीर कुठला? तिनं कोंबड्या सोडल्या. त्यांनी अळ्या टिपल्या, मग वाफे उकरले, मेथी मुळासकट वर काढली. कोंबड्यांवर मात्र सगळ्या गावाचा एकच उपाय निघाला. लसूण-मिरची त्यालाही लागतेच, फक्त वास फार चांगला येतो.