'जैन की रेग्युलर?' विचारता, तसंच ॲलर्जीचंही विचारा

मुंबईत पावभाजीच्या गाडीवर उभं राहिलं तरी पहिला प्रश्न येतो, "जैन की रेग्युलर?" गिऱ्हाइकानं काही समजावून सांगावं लागत नाही. कांदा-लसूण नाही, बटाट्याच्या जागी कच्ची केळी, तव्याचा कोपरा वेगळा. पिझ्झा जैन मिळतो, चायनीज जैन मिळतं. चतुर्थीला दादर-गिरगावात उपासाचे पदार्थ वेगळे मांडलेले असतात आणि उपासाच्या वड्याबरोबर कोणती चटणी द्यायची नाही हे टेबल पुसणाऱ्या पोऱ्यालाही माहीत असतं. गिऱ्हाइकाचं पथ्य ओळखणं, लक्षात ठेवणं, आत सांगणं, सांभाळणं हे सगळं या शहरातल्या भटारखान्यांना येतं. वर्षानुवर्षं येतंय.

म्हणूनच कुणी "ॲलर्जीचं आम्हाला नाही जमणार हो" म्हणालं की मला ते पटत नाही. जमतं. श्रद्धेनं पाळलेल्या पथ्याला आपण जो मान देतो, तो शरीरापायी पाळाव्या लागणाऱ्या पथ्याला अजून दिलेला नाही, एवढंच आहे.

आमच्या घरात चार माणसं आणि तीन पथ्यं आहेत. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. नवऱ्याला सिलिॲक, म्हणजे गहू, रवा, मैदा, जव कायमचे बंद. सासूबाईंना दूध पचत नाही. लोक या तिघांना एकाच रांगेत बसवतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सासूबाईंच्या शरीरात दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं विकर कमी पडतं. त्यांना वाटीभर ताक चालतं, चहापुरतं दूध चालतं. पियुष किंवा बासुंदी झाली की रात्रभर पोट दुखतं. तिथे प्रश्न प्रमाणाचा आहे. नवऱ्याच्या बाबतीत गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की त्याचं स्वतःचंच शरीर लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. लगेच काही दिसेलच असं नाही, पण थोडं थोडं जात राहिलं तरी आतड्याचं नुकसान होत राहतं. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला सिलिॲक असल्याचं पाहणीत आढळलंय, म्हणजे हा काही लाखात एखाद्याला होणारा आजार नाही. आणि मुलाची गोष्ट मिनिटांची आहे. कणभर कूट गेलं तरी ओठ सुजू शकतात, घसा आवळू शकतो, रक्तदाब कोसळू शकतो.

"थोडंसं आहे, काही होत नाही" हे वाक्य सासूबाईंसाठी कधीकधी खरं असतं. मुलासाठी ते जीवघेणं आहे.

शेंगदाणा नसलेली जागा मराठी जेवणात शोधावीच लागते. साबुदाण्याच्या खिचडीत तो डोळ्यांना दिसतो, तिथे प्रश्न नाही. पण काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्याच्या मसाल्यात कूट, अळूच्या फतफत्यात अख्खे दाणे, वडापावच्या सुक्या चटणीत दाणे, मिसळीवरच्या फरसाणात दाणे. पंजाबी ग्रेव्हीला मेन्यूवर काजू लिहिलेला असतो, पण काजूचा भाव पाहता काही ठिकाणी त्यात शेंगदाणाही वाटला जातो. आणि आता लाकडी घाण्याच्या तेलाची हौस आली आहे. मला त्या तेलाचा वास खूप आवडतो. पण ज्या तेलावर कारखान्यात पूर्ण शुद्धीकरण झालेलं असतं त्यात शेंगदाण्याचं प्रथिन जवळपास उरत नाही, आणि घाण्याच्या तेलात ते उरतं. हॉटेलच्या दारावर "आम्ही घाण्याचंच तेल वापरतो" अशी पाटी दिसली की इतर लोक खुश होऊन आत शिरतात आणि आम्ही पुढे चालू लागतो.

गव्हाचं तर विचारूच नका. सुरमईला रवा लावतात. चायनीजमधल्या सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. थालीपीठाच्या भाजणीत गहू असतो. ज्या तव्यावर आत्ताच रवा डोसा निघाला, त्याच तव्यावर साधा डोसा पडतो. भाकरी तांदळाची मागवली तरी ती थापली जाते त्याच परातीत, जिच्यात सकाळी कणीक मळलेली असते. आणि हिंग! बाजारात मिळणाऱ्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे सांबार, वरण, आमटी सगळंच संशयात. हे माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी सांगेपर्यंत आमच्या ओळखीत कुणालाही माहीत नव्हतं, आणि मला खात्री आहे की बहुतेक उडुपीवाल्यांनाही त्यांच्या हिंगाच्या डब्यावर काय छापलंय ते माहीत नसेल.

लोकांना आणखी एक वाटतं, "कडकडीत तेलात तळलं की जातं सगळं." जंतू जातात. ॲलर्जी आणणारी प्रथिनं जात नाहीत. कोळंबी तळलेल्या कढईत फ्रेंच फ्राइज तळले तर कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याला ते चालत नाहीत. शाकाहारी माणसानं "कढई वेगळी ना?" विचारलं तर कुणाच्याच कपाळाला आठी पडत नाही. तोच प्रश्न मी विचारला की पडते.

एकदा एका हॉटेलात मी ऑर्डर द्यायच्या आधीच विचारलं होतं. वेटर तिथल्या तिथे म्हणाला, "नाही मॅडम, शेंगदाणा कशातच नाही." तो आत गेला नाही, कुणाला विचारलं नाही. सँडविचबरोबर आलेल्या चटणीत दाणे वाटलेले होते. मुलानं दोन घास खाल्ले आणि खोकायला लागला. ओठ सुजले, आवाज बसला, अंगावर गांध्या उठल्या. आम्ही अशा जीवघेण्या ॲलर्जीवरचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलं आणि तिथून थेट हॉस्पिटल गाठलं. त्रास उतरल्यावरही काही तासांनी दुसऱ्यांदा उलटू शकतो, म्हणून रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. तो बरा आहे.

त्या वेटरवर माझा राग नाही. शनिवारची रात्र, बाहेर नंबर लावून उभे असलेले लोक, हातात पाच टेबलं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं नसतं, आत जाऊन आणायचं असतं. राग आहे तो हॉटेल चालवणाऱ्यांवर. एसीवर, झुंबरावर, इन्स्टाग्रामच्या भिंतीवर पैसे घालायचे आणि चटणीत काय आहे हे वाढणाऱ्या पोराला सांगायचं नाही, याला मी निष्काळजीपणा म्हणते.

कायदा नाही असंही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांत मेन्यूवर ॲलर्जीची माहिती देण्याची तरतूद आहे आणि १ जुलै २०२२ पासून ती लागू आहे. पण ती लागू होते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना. आपण जिथे खरोखर जेवतो, ती कोपऱ्यावरची खानावळ, उडुपी, चायनीजची गाडी यातून सुटतात. लग्नकार्याचे केटररही सुटतात, आणि आमच्यासाठी सगळ्यात अवघड जागा लग्नाचा बुफेच असतो, कारण तिथे एका भाजीचा डाव दुसऱ्या भाजीत फिरत असतो. यादीत गहू वगैरे ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे प्राणी, शेंगदाणा, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन) आहेत. तीळ नाहीत. अमेरिकेनं जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला, युरोपात तो आधीपासून आहे आणि मोहरीही आहे. चटणीत, चिक्कीत, भरल्या भाजीत तीळ घालणाऱ्या आपल्या देशाच्या यादीत ते नसावेत, हे मला फार खटकतं.

ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये नताशा एदनान-लापेरूज नावाची पंधरा वर्षांची मुलगी सँडविचच्या पावात घातलेल्या तिळांमुळे गेली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून तिथे दुकानातच बनवून वेष्टनात विकल्या जाणाऱ्या पदार्थांवरही सगळे घटक छापणं बंधनकारक झालं. आपल्याकडे तेवढी वाट पाहायची का?

हॉटेलवाल्यांकडे मी प्रयोगशाळा मागत नाहीये. ऑर्डर घेताना एक प्रश्न विचारा, "कुणाला काही चालत नाही का? ॲलर्जी वगैरे?" उत्तर 'हो' असेल तर आत जाणाऱ्या ऑर्डरच्या कागदावर ते मोठ्या अक्षरात लिहा. रोजच्या पदार्थांची एक वही करा, कशात काय आहे त्याची, आणि ती गल्ल्यावर ठेवा. माहीत नसेल तर सरळ "माहीत नाही" म्हणा. त्या उत्तरानं आम्हाला मुळीच वाईट वाटत नाही. आम्ही दुसरं काही मागवू किंवा आभार मानून उठू. दर २५ कामगारांमागे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला एक पर्यवेक्षक असावा असं एफएसएसएआय सांगतंच, तर त्याच माणसाकडे ही जबाबदारी द्या. मुंबईतल्या हॉटेलवाल्यांची 'आहार' ही संघटना आहे. तिनं मराठी-हिंदीत एक साधं पत्रक काढून भटारखान्यांत लावलं तरी कितीतरी फरक पडेल.

हे जमतं याचा पुरावाही आहे. आमच्या भागात एक छोटी मालवणी खानावळ आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नेहमीसारखं सगळं सांगायला लागले. चालवणाऱ्या मावशी हात पुसत स्वतः बाहेर आल्या, शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "वड्याच्या पिठात गहू आसा. तुमका घावणे घालून दितंय." मग तवा धुवून घेतला, घावणे घातले, नवऱ्याचं पापलेट रव्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळवलं. कूट कुठल्या भाजीत आहे ते बोटानं दाखवून दिलं. सोलकढी नारळाच्या दुधाची, तेव्हा सासूबाईंनी दोन वाट्या घेतल्या. पाटी नाही, प्रमाणपत्र नाही. आपण काय रांधलंय हे त्या बाईंना पक्कं माहीत होतं आणि समोरच्याचं म्हणणं त्यांनी खरं मानलं. त्या दिवशी माझा नवरा बाहेर पोटभर जेवला. गेल्या काही वर्षांत तो बहुतेक ठिकाणी फक्त आमच्यासोबत बसायला येतो.

नातेवाइकांनाही हक्कानं सांगते. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही", "सवय लावा, आपोआप जाईल", "एक घास देवाचा प्रसाद म्हणून" हे कृपा करून थांबवा. माझ्या मुलाला लहानपणापासून मोठ्यांच्या हातातलं नाकारायला शिकवावं लागलंय. संक्रांतीला कुणी तिळगूळ पुढे केला की तो माझ्याकडे बघतो, कारण लाडवात कूट असतं. मोठ्यांना नमस्कार करून "मला चालत नाही" म्हणणारं पोर उद्धट नसतं. त्याला आग्रह करू नका. आणि माझी नजर चुकवून तर अजिबातच भरवू नका.

ज्यांना फक्त ढोबळी मिरची आवडत नाही त्यांनाही एक विनंती. "आवडत नाही" असंच सांगा, ते पुरेसं आहे. "ॲलर्जी आहे" म्हणून सांगायचं आणि मग शेजारच्या ताटातली सिमला मिरची खायची, हे वेटर बघत असतो. पुढच्या टेबलावर मी बसलेली असते, आणि माझ्या शब्दाची किंमत तोवर उतरलेली असते.

अशी मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आम्ही मराठी आणि हिंदीत कार्ड छापून घेतलंय: "या मुलाला शेंगदाणा अजिबात चालत नाही. कढई, तवा, चमचा वेगळा किंवा धुतलेला हवा. खात्री नसेल तर कृपया देऊ नका." ते वेटरला दाखवत नाही, आचाऱ्यापर्यंत पाठवतो. आचारी कार्ड वाचून बाहेर डोकावला की मला निम्मा धीर येतो. गर्दीच्या वेळी जात नाही, साडेबाराला किंवा संध्याकाळी सातला जातो. आपोआप टोचणारं ॲड्रेनालिनचं पेन आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, आणि सिरिंज दिली आहे आणि घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंनासुद्धा, ते कसं द्यायचं शिकवलंय. तुमच्या मुलाला श्वासाचा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांशी याबद्दल स्पष्ट बोला. ॲलर्जीच्या साध्या गोळीनं खाज उतरते, पण घसा आवळत असताना ती ॲड्रेनालिनचं काम करत नाही. इंजेक्शन आधी, मग १०८ ला फोन, आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच.

मुंबई-ठाण्यात असं एखादं ठिकाण तुम्हाला माहीत असेल, जिथे तुमचं ऐकून घेतलं, आत जाऊन विचारलं, तवा धुतला, तर खाली लिहा. नुसतं नाव नको. त्यांनी नेमकं काय केलं, कोणता पदार्थ नाकारला, कढई वेगळी होती का, तेल कोणतं, हे लिहा. मी भागवार यादी करतेय, आणि ज्यांनी "माहीत नाही" असं सरळ सांगितलं त्यांचीही नावं त्यात घेणार आहे.